जाण्यापुरतं तिकीट

दांडी गावच्या हंसा पागधरेने उभ्या आयुष्यात कुठलीही वस्तू पहिल्या भावाला घेतली नव्हती. लुगडं असो, कुकर असो, की लेकाच्या लग्नातला बँडवाला असो, समोरच्याने आकडा सांगितला की ही सरळ निम्म्यावर उतरायची. मग तो खाली यायचा, ही थोडी वर चढायची, आणि दोघं जिथे भेटतील तो खरा भाव. बोईसरच्या बाजारात तीस वर्षं मासळी घेऊन बसलेल्या बाईला सगळं जग याच रीतीने चालतं असं वाटलं, तर तिची काय चूक? म्हणून फेब्रुवारीत भावेशने इंग्लंडला जाऊन येण्याचे बासष्ट हजार सांगितले, तेव्हा ती तीस म्हणाली.

भावेशचं दुकान बोईसर स्टेशनबाहेर आहे. रेल्वेची, बसची, विमानाची तिकिटं, शिवाय झेरॉक्स. त्याने हसून संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि हा भाव आपला नाही, कंपनीचा आहे, त्यात रुपयाही हलत नाही असं सांगितलं. हंसाने पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘एकच भाव’ म्हणणारे तिने ढिगाने पाहिले होते, आणि दिवेलागणीला त्याच भावात दोन बांगडे वर टाकून देतानाही पाहिले होते. संध्याकाळी येते, असं सांगून ती उठली.

संध्याकाळी म्हणजे त्या दिवशीच्या संध्याकाळी नव्हे. तिचा हिशेब असा होता की विमानातली रिकामी खुर्ची आणि टोपलीत उरलेलं पापलेट यांत काही फरक नाही. विमान उडालं की त्या खुर्चीला कोण विचारतो? पापलेटाचं निदान खारवून काहीतरी करता येतं, खुर्चीचं तेही नाही. तेव्हा दिवस भरत आले की कंपनीवाले आपसूक नरमतील आणि मग आपण आपल्या भावाला तिकीट घेऊ. एप्रिलच्या शेवटी जायचं होतं, हाताशी अडीच महिने होते. तिचा मुलगा जितेश तारापूरच्या एमआयडीसीत केमिकल कारखान्यात ऑपरेटर आहे, चार बुकं शिकलेला आहे, पण आईच्या या हिशेबात चूक कुठे आहे ते त्यालाही दाखवता आलं नाही. चूक होती, ती मार्चमध्ये दिसली.

जायचं होतं उन्नतीसाठी. उन्नती हंसाची धाकटी, मँचेस्टरला इस्पितळात नर्स. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिला पहिलं मूल व्हायचं होतं. जावई धीरज तेलाच्या जहाजावर, त्याला कधी सोडतील याचा भरवसा नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही दांडीची रीत आहे. लेक माहेरी येऊ शकत नसेल तर माहेराने उठून लेकीकडे जायचं, यात हंसाला काही विशेष वाटत नव्हतं. व्हिसाचे कागद जानेवारीतच झाले होते. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी मासा सुकवून, पाच पिशव्यांत एकात एक घालून ठेवली होती. राहिलं होतं फक्त तिकीट.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आखातात युद्धाचा भडका उडाला आणि तेल चढलं. दांडीला ते टीव्हीच्या आधी कळलं, कारण डिझेलचा भाव ऐकून अर्ध्या होड्या किनाऱ्यालाच राहिल्या. हंसाचा नवरा बळवंत, चाळीस वर्षं दर्यावर गेलेला तांडेल, आपली होडी वर ओढून तिच्या सावलीत बसून राहायला लागला. बाजारात मासळी कमी, भाव चढे, आणि गिऱ्हाईक जणू हंसानेच विहिरीतलं तेल आटवलं अशा नजरेने बघणार. तिकडे जहाजांना आफ्रिकेवरून लांबचा वळसा घालायला लावलं, तसा धीरजचा घरी यायचा महिना पुढे गेला. मे नाही, आता जूनच्या आधी नाही.

अशा वेळी ती भावेशकडे गेली. बासष्टचे ब्याण्णव झाले होते. ती उठून आली. आठ दिवसांनी गेली तर एक लाख सहा. आणखी आठ दिवसांनी एक लाख अठरा, आणि बासष्टवाली ती कंपनी आखातातलीच, तिने तर निम्मी विमानं बंदच केलेली. ही बातमी बाजारात फुटायला वेळ लागला नाही. शेजारी बसणाऱ्या झुंबरने तर गिऱ्हाइकांदेखत विचारलं, की काय हंसाबाय, विमानवाला दोन खुर्च्या वर टाकून देतो म्हणाला का? सगळ्या हसल्या. हंसाही हसली, कारण बाजारात रडून भागत नाही, पण त्या दिवशी तिने एका बाईला सुट्टे पैसे दोनदा दिले.

चूक तिने कबूल केली, आणि तीही आडपडदा न ठेवता. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले, असं ती जितेशला म्हणाली. फक्त चूक कशात झाली ते तिला समजून घ्यायचं होतं. तेव्हा ती पुन्हा भावेशच्या समोर जाऊन बसली आणि तिने सरळ विचारलं, की खुर्ची रिकामी गेली तर कंपनीचं नुकसान, मग शेवटी शेवटी भाव उतरायचा सोडून चढतो कसा?

भावेशने माउस बाजूला सारला. मग म्हणाला, “मावशी, फिरायला जाणारा चार महिने आधी तिकीट काढतो. शेवटच्या दिवसांत कोण येतो? ज्याचा बाप गेला, नायतर ज्याच्या पोरीचं बाळंतपण हाय. तो कितीबी देतो. कंपनीला ते माहीत असतंय.”

 अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे हंसाला ठाऊक होतं. पण गाढवाने ते ओळखून पायांचा भाव लावावा, हे नवीन होतं. दांडीच्या बायकांत एक नेम आहे. गिऱ्हाईक ‘बाळंतिणीला पायजे’ म्हणालं की घासाघीस बंद. जी मुशी टोपलीत असेल ती किनाऱ्यावर पडलेल्या भावाला द्यायची, वर नफा ठेवायचा नाही. खोटं सांगून नेणारेही असतात, त्यांचं ते बघून घेतील. झुंबरसारखी कवडीचुंबक बाईसुद्धा हा नेम मोडत नाही. आणि इथे सूटबूट घालून विमानं उडवणारे लोक बाळंतपण आणि मयत ओळखून भाव चढवतात? हंसाला इतका संताप आला की तिचे कान तापले.

“म्हंजे माझी चूक भावात नव्हती,” ती म्हणाली. “मी त्यांना आमच्यासारखं समजले, ती चूक.”

घरी वेगळंच शिजत होतं. बळवंतने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. होडी वाळूत आहे, डिझेलचा भाव काय, आणि एक लाख अठरा हजार विमानाला? त्यापेक्षा तेवढ्यातले थोडे उन्नतीला पाठवावे, तिकडे पैसे देऊन बाई मिळते. जितेशचं म्हणणं थोडं निराळं होतं. तो कार्डावर हप्त्याने तिकीट काढायला तयार होता, पण ते फिटेपर्यंत दोन वर्षं त्याच्या पोराची शाळेची फी रखडली असती. हंसाने त्याला तिथेच थांबवलं. बाळंतपण हप्त्यावर करायचं नसतं, असं ती म्हणाली. तिच्याकडे स्वतःच्या सुक्या मासळीच्या धंद्यातून साठवलेले बासष्ट-त्रेसष्ट हजार होते, बँकेत, तिच्या एकटीच्या नावावर. जायचं तर त्यात, नाहीतर नाही.

आणि उन्नतीही रोज फोनवर हेच सांगत होती. नको येऊ आये. इथे सगळे आहेत. माझ्या वॉर्डातल्याच बायका आहेत. उगाच एवढे पैसे घालू नको. हंसा हूं हूं करायची आणि फोन ठेवल्यावर वाळत घातलेले बोंबील उगाचच परतून ठेवायची. मन म्हणायचं, बघ, तिलाच नको आहेस तू. पोरगी तिकडची झाली, तिच्या वॉर्डातल्या बायका तिला बस झाल्या. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

मग एके दिवशी बोलता बोलता उन्नती म्हणाली, “आज एक लाख एकवीस हजार चारशे झालंय, आये. काल एकवीस सातशे होतं. नकोच येऊ.”

फोन ठेवला आणि हंसा पाटावर बसून राहिली. एकवीस हजार चारशे. भावेशलाही एवढा बारकावा तोंडपाठ नव्हता. तीस वर्षांच्या धंद्यात तिने एक गोष्ट पक्की ओळखली होती. ज्याला घ्यायचं नसतं तो भाव विचारत नाही, तो पुढे निघून जातो. नको नको म्हणत जो रोज येऊन भाव विचारून जातो, त्याच्या घरी चुलीवर पाणी ठेवलेलं असतं. आपली पोरगी रोज भाव बघते आहे. हंसाच्या छातीवरचा दगड उतरला आणि त्याच्या जागी जिद्द येऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिने टोपली झुंबरच्या हवाली केली आणि दुकान उघडायच्या आधीच भावेशच्या पायरीवर जाऊन बसली.

आता तिने भाव विचारलाच नाही. तिने विचारलं, कोण कोण जातं ते सांग. भावेशने तीन कंपन्या काढल्या. एक सरळ लंडनला जाणारी, तिचा भाव ऐकूनच हंसाने हात झटकला. दुसरी नवीन निघालेली, सगळ्यांत स्वस्त, तिघांत तीच घ्या असं भावेशचं म्हणणं. तिसरी आफ्रिकेतून फिरून जाणारी, सव्वीस तास, मध्ये विमान बदलायचं, आणि स्वस्तही नाही.

हंसाने विचारलं, “गेल्या महिन्यात कुनी किती येळा विमान रद्द केलं, ते दिसतंय का तुज्या यंत्रात?”

असा प्रश्न भावेशला कुणी केला नव्हता. त्याने शोधून पाहिलं. स्वस्तवाल्या कंपनीने महिन्यात अकरा वेळा विमान रद्द केलं होतं. आफ्रिकावाल्यांनी एकदाही नाही. हंसाने मान हलवली. असले तांडेल दांडीला काही कमी नाहीत. व्यापाऱ्याकडून बर्फाचे पैसे आधी घ्यायचे, आणि डिझेल परवडत नाही म्हणून सकाळी होडीच काढायची नाही. पैसे मिळतात परत, पण महिन्याने. तोवर पोर जन्माला येऊन बारसंसुद्धा होऊन जाईल. शिवाय त्या स्वस्त तिकिटात सामान फक्त सात किलो. सात किलोत माझी मुशीच बसंल, मी कुठं बसू, असं तिने विचारलं. जो महाग असला तरी रोज दर्यावर जातो, त्याच्याच होडीत बसायचं, हा तिचा निकाल. जावईही आफ्रिकेच्याच वळशाने चालला होता, तेव्हा वाट घरचीच झाली.

जाऊन-येऊन एक लाख एकवीस हजार. हंसाने पडदा स्वतःच आपल्याकडे वळवला, जणू तिला तो वाचता येत होता.

“येन्याचं काढून टाक,” ती म्हणाली. “नुसतं जान्याचं किती?”

एकसष्ट हजार. ज्या पैशात ती जाऊन परत आली असती, त्या पैशात आता नुसती जाणार होती. भावेशने तिला खूप समजावलं. मावशी, परतीचं तिकीट नसलं की विमानतळावर अडवतात, तिकडे उतरल्यावरही विचारतात, आणि तुम्हाला इंग्रजी येत नाही. हंसाने ऐकून घेतलं. मग म्हणाली की बोईसरच्या कारखान्यांत बिहारपासून ओडिशापर्यंतची माणसं आहेत, त्यांतल्या एकाचीही भाषा तिला येत नाही, पण म्हणून तिची मासळी विकायची कधी राहिली नाही. तिने पिशवीतून पासबुक काढलं. भाव करायचा नाही, असंही सांगितलं. भावेशने आपली दोनशे रुपयांची दलाली घेतली नाही. त्याबद्दल ती काही बोलली नाही, पण पुढच्याच दिवशी त्याच्या दुकानात अर्धा किलो सुक्या कोलंबीचे सोडे पोचले.

बळवंतला कळलं तेव्हा तो जाळं विणत होता. आधी तो ओरडला.  मग दोन दिवस त्याने हंसाशी बोलणंच टाकलं, चहाचा कपसुद्धा सुनेकडून मागायचा. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने ताटातून मान न उचलता विचारलं, “परत कशी येशील?”

रागाने नव्हे, भीतीनेच विचारलं होतं त्याने. हंसाला ते कळलं. तरीही तिने सोडलं नाही.

“तुमी चाळीस वर्सं दर्यावर गेलात. वारा फिरलेला असताना गेलात. मी एकदा तरी इचारलं, परत कसे याल म्हून?”

 बळवंत जेवून उठला, हात धुतला, आणि माळ्यावरून आपली नायलॉनची दोरी काढून तिच्या बॅगेला चारही बाजूंनी आवळून बांधली. अशी गाठ मारली की ती सोडायला इंग्लंडात माणूस शोधावा लागला असता. हंसा समोर बसून बघत राहिली. तिला त्याची दया आली आणि अभिमानही वाटला.

उन्नतीला तिने एवढंच सांगितलं, की तिकीट काढलंय, एकोणतीस तारखेला पोचते.  उन्नती म्हणाली, कशाला गं आये, आणि फोन कट झाला. नेटवर्क गेलं की तिने ठेवला, हे हंसाने विचारलं नाही.

अठ्ठावीस तारखेला दुपारी जितेशने तिला विमानतळाच्या दारात सोडलं. पुढे त्याला येता येत नव्हतं. नऊवारी, पायात नवे बूट, गळ्यात पासपोर्टची पिशवी, आणि दोरीने बांधलेली बॅग ढकलत हंसा रांगेत उभी राहिली. काउंटरवर वसईकडची एक मराठी मुलगी होती. तिने व्हिसा पाहिला, तिकीट पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं. परतीचं तिकीट विचारलं. नाही, असं हंसाने सांगितलं. मुलीने साहेबाला बोलावलं. साहेब टायवाला, मराठी न बोलणारा. तो मुलीशी इंग्रजीत काहीतरी बोलला आणि मुलगी अवघडून म्हणाली, की मावशी, साहेब म्हणतात तुम्ही परत कधी येणार हे ठरलेलं नसेल तर तिकडचे लोक आम्हाला जाब विचारतात, तुम्ही जरा बाजूला थांबा.

“बाजूला थांबनार नाय,” हंसा म्हणाली. मागे रांग वाढत होती. तिने व्हिसावर बोट ठेवलं. “सा म्हयने लिवलंय ना हितं? तुमच्याच सायबांनी लिवलंय. मी त्याच्या आत येईन. लेकीचं बाळंतपण हाय. तुमाला खोटं वाटत असंल तर तिला इचारा.”

तिने फोन लावला आणि साहेबाच्या हातात दिला.  साहेब बोलायला लागला. पलीकडून उन्नतीचा आवाज बारीक बारीक ऐकू येत होता, भरभर, इंग्रजीत. हंसाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मग आवाज अडखळला, थांबला, पुन्हा सुरू झाला. साहेब नुसता ऐकत होता. त्याने शेवटी दोन शब्द बोलून फोन परत दिला, मुलीला मानेनेच खूण केली आणि दुसऱ्या काउंटरकडे निघून गेला.

मुलीने बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली. हंसा हलली नाही.

“काय म्हनाली ती?”

मुलीने आजूबाजूला पाहिलं. “म्हणाल्या, दोन महिने आईला नको येऊस, नको येऊस सांगत होते. खोटं सांगत होते. म्हणाल्या, मी इथे एकटी आहे आणि मला फार भीती वाटते, माझ्या आईला थांबवू नका.”

हे हंसाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिचे डोळे भरले, आणि एवढ्या लोकांत ते पुसायची तिला लाजही वाटली नाही. पदराने तोंड पुसून तिने बॅग एका हिसक्यात पट्ट्यावर टाकली. मुलगी संगणकात काहीतरी भरत होती. एका रकान्याशी ती थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, की मावशी, इथे परतीची तारीख लागते, अंदाजे सांगा काहीतरी.

“लिव,” हंसा म्हणाली, “लेकीचं भ्याव गेलं, की येईन.”

मुलीने तो रकाना कोराच ठेवला आणि बोर्डिंग पास तिच्या हातात दिला.